चामखिळीची साक्ष

२०२५ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात होमिओपॅथीवरून मोठं भांडण झालं. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथिक डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदणी करावी की नाही, हा मुद्दा होता. इंडियन मेडिकल असोसिएशनने विरोध केला, सप्टेंबरात एक दिवसाचा संपही झाला. कोणी कोणती औषधं लिहून द्यायची, खेड्यात डॉक्टर कुठून आणायचे, नोंदवहीत कोणाचं नाव असावं, यावर दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या. जे शास्त्र म्हणून साडेपाच वर्षं शिकवलं जातं त्याने रोगी बरा होतो का, हा प्रश्न मात्र मी ऐकलेल्या चर्चांमध्ये कडेलाच राहिला. घराघरांत तो निघाला तेव्हा उत्तर यायचं ते असं: “आमच्या मुलाच्या हातावरच्या चामखिळी होमिओपॅथीनेच गेल्या, डोळ्यांनी पाहिलंय.” आणि त्याला प्रत्युत्तर: “साखरेच्या गोळ्या त्या, त्यांनी काय होणार!” पहिला माणूस खोटं बोलत नाही. दुसऱ्याचं रसायनशास्त्र चुकत नाही. तरी ही चर्चा जिथे सुरू होते तिथेच संपते, कारण चामखीळ मग गेली कशाने, हे दुसरा सांगत नाही आणि ती नाही तरी गेली असती का, हे पहिला विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. मुलांच्या साध्या चामखिळी होमिओपॅथीच्या औषधाने बऱ्या होतात, याला पुरावा नाही. जिथे नीट तुलना झाली तिथे ती औषधं औषध न घातलेल्या नुसत्या गोळ्यांपेक्षा सरस ठरली नाहीत. होमिओपॅथीच्या बाजूने सगळ्यांत जास्त वेळा उभी केली जाणारी ही चामखीळ साक्षीला सगळ्यांत कमी लायक आहे, कारण ती आपली आपण जाते. पण ज्या आईने ती जाताना पाहिली तिला अडाणी ठरवून हा वाद जिंकता येणार नाही. तो तसा जिंकूही नये.

मी स्वतः ती आई होते. माझी मुलगी दुसरीत असताना तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर आणि नखाच्या कडेला मिळून सात चामखिळी आल्या. सासूबाई म्हणाल्या, घोड्याच्या शेपटीचा केस बांधू. आईने चुना आणि सोड्याचा लेप सुचवला. माझ्या लहानपणी तिने तो माझ्या मनगटावर लावला होता आणि त्याचा पांढरा डाग अजून आहे. शेजारच्या मुलाच्या चामखिळी एका दवाखान्यात करंट देऊन जाळल्या होत्या. तो मुलगा आठवडाभर पेन्सिल धरू शकला नव्हता आणि चार महिन्यांत त्याच जागी दोन नव्या आल्या होत्या. हे सगळं समोर असताना मी होमिओपॅथीकडे गेले. डॉक्टरांनी पाऊण तास दिला. मुलीला घाम कुठे येतो, ती कुशीवर झोपते की पालथी, गोड आवडतं की आंबट, हे सगळं विचारलं. थुजा या झाडापासून केलेल्या होमिओपॅथिक औषधाच्या गोळ्या दिल्या. पाच महिन्यांनी एका आठवड्यात सातही चामखिळी सुकल्या आणि गेल्या. बोटावर खूणसुद्धा राहिली नाही. मी पेढे घेऊन गेले होते.

त्या पेढ्यांबद्दल मला आजही लाज वाटत नाही. पण पुढे जे वाचलं, त्यातून एक गोष्ट कळली. सातही चामखिळी एकदम जाणं, डाग न राहणं, महिनोन्‌महिने काही न होता अचानक सगळं घडणं, हे मी औषधाचं लक्षण समजत होते. ते चामखीळ आपोआप बरी होण्याचं लक्षण आहे.

चामखीळ म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा या विषाणूचा कातडीतला संसर्ग. ती साथीने येते हे लोकांना पूर्वीपासून जाणवत होतं. पण १९०७ मध्ये इटलीतल्या चुफो या डॉक्टराने चामखिळीचा अर्क जिवाणूही अडकतील इतक्या बारीक गाळणीतून गाळला, टोचला आणि तरी चामखीळ आली, तेव्हा तिच्यामागे विषाणू असल्याचं दिसलं. हा विषाणू कातडीच्या बारीक चिरेतून आत शिरतो आणि वरच्या थरांतच राहतो. तो रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही, सूज आणत नाही. म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा पत्ता महिनोन्‌महिने लागत नाही. लोक म्हणतात तसं चामखिळीला मूळ नसतं. आत दिसणारे काळे ठिपके म्हणजे गोठलेल्या रक्ताच्या केशवाहिन्या. मग कधीतरी, नखाने ओरबाडल्यामुळे, ठेच लागल्यामुळे किंवा काही कारण न दिसताही, प्रतिकारशक्तीला त्या विषाणूची ओळख पटते. एकदा ओळख पटली की ती एका बोटापुरती राहत नाही. तिकडच्या हातावरची, गुडघ्यावरची, सगळ्याच चामखिळी मागोमाग जातात. ज्याने कातडीवर काही लावलेलं नाही, फक्त गोळी खाल्ली आहे, त्याला हे ‘आतून’ बरं झाल्यासारखं वाटणारच. ते आतूनच बरं झालेलं असतं; फक्त ते गोळीने केलेलं नसतं.

हे किती मुलांत होतं? १९६३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संस्थेत राहणाऱ्या हजार मुलांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं होतं. दोन वर्षांत सुमारे दोनतृतीयांश चामखिळी गेल्या. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लायडनजवळच्या प्राथमिक शाळांतली ४ ते १२ वर्षांची १०९९ मुलं तपासली. त्यांतल्या दर तिघांपैकी एकाला चामखीळ होती आणि वर्षभरात त्यांतली निम्मी मुलं पूर्ण मोकळी झाली. त्याच अभ्यासात असंही दिसलं की वय जितकं लहान तितकी चामखीळ लवकर जाते आणि गोऱ्या युरोपीय कातडीपेक्षा इतर वर्णाच्या मुलांत ती आणखी लवकर जाते. आपल्या मुलांना लागू पडणारी ही गोष्ट मला तरी त्या वेळी कोणी सांगितली नव्हती.

आता एका होमिओपॅथिक दवाखान्याची कल्पना करा. वर्षभरात शंभर मुलं चामखिळी घेऊन आली. औषध कुचकामी असलं तरी त्यांतली पन्नासच्या आसपास वर्षात बरी होणार. जी बरी झाली त्यांचे आई-बाप पेढे घेऊन येतील, शेजारणीला पत्ता देतील. जी बरी झाली नाहीत ती चौथ्या-पाचव्या महिन्यात येणं बंद करतील आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जातील. होमिओपॅथिक डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणेल, “माझ्याकडे चामखीळ हमखास बरी होते.” त्वचारोगतज्ज्ञ तितक्याच प्रामाणिकपणे म्हणेल, “होमिओपॅथीने एकही बरी झालेली मी पाहिली नाही.” दोघांनी आपापल्या खुर्चीतून जे दिसलं ते सांगितलं आणि दोघांनाही अर्धंच दिसलं. अनुभव खोटा नसतो, पण दवाखान्याच्या दारातून कोण आत येतं आणि कोण परत येत नाही यावर तो घडतो. “इतकी वर्षं प्रॅक्टिस करतोय, अनुभव आहे” हे वाक्य चामखिळीच्या बाबतीत म्हणूनच काही सिद्ध करत नाही, मग ते कोणत्याही पॅथीच्या डॉक्टराने म्हटलेलं असो.

चामखिळीने याआधीही मोठमोठ्यांना चकवलं आहे. इंग्लंडचा तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन सोळा वर्षांचा असताना पॅरिसमध्ये होता. त्याच्या हातांवर शंभरावर चामखिळी आल्या. इंग्लंडच्या राजदूताच्या पत्नीने कातडीसकट डुकराच्या चरबीचा तुकडा त्या चामखिळींवर चोळला आणि दक्षिणेकडच्या खिडकीत, उन्हात, खिळ्याने ठोकून ठेवला. चरबी वितळत गेली आणि पाच आठवड्यांत सगळ्या चामखिळी गेल्या, लहानपणापासून सोबत असलेली जुनी एकसुद्धा. बेकनने हे स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि ती बाई अंधश्रद्धाळू नव्हती असं आवर्जून सांगितलं आहे. आज आपल्यापैकी कोणी मुलाच्या चामखिळीसाठी खिडकीत चरबी टांगेल का? नाही टांगणार. मग थुजाच्या गोळीचा पुरावा चरबीच्या तुकड्याच्या पुराव्याहून कोणत्या बाबतीत वेगळा आहे? दोन्हीकडे काहीतरी केलं, काही आठवडे गेले, चामखीळ गेली. चरबी टाकून द्यायची असेल तर याच कसोटीवर गोळी कशी ठेवता येईल?

याच बेकनने १६२० मध्ये माणसाच्या बुद्धीची एक खोड दाखवून दिली. जहाजफुटीतून वाचलेल्यांनी नवस फेडून लावलेली चित्रं देवळात टांगलेली होती. ती दाखवून एकाला विचारलं, आता तरी देवांचं सामर्थ्य मानतोस का? त्याने उलट विचारलं, नवस बोलून जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? जुळलेलं लक्षात ठेवायचं आणि हुकलेलं सोडून द्यायचं, ही ती खोड. आपल्याकडेही नवस फेडायला आलेल्यांचीच रांग दिसते. ज्याने हे इतकं स्वच्छ लिहिलं, त्यालाही स्वतःच्या हातावरच्या चामखिळीने भुरळ घातलीच. मग एखाद्या आईला दोष कशाला द्यायचा?

तर मग कळायचं कसं? बुडालेलेही मोजायचे. सारखा आजार असलेली माणसं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटायची, एका गटाला औषध आणि दुसऱ्याला हुबेहूब तशाच दिसणाऱ्या औषधाविना गोळ्या द्यायच्या, आणि कोणाला काय मिळालं हे रोगी, पालक, डॉक्टर कोणालाच सांगायचं नाही. ही कल्पना होमिओपॅथीविरुद्ध कारस्थान म्हणून निघालेली नाही. उलट तिच्या अगदी सुरुवातीच्या वापरांपैकी एक होमिओपॅथीच्याच संदर्भात झाला. १८३५ मध्ये जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये एका खाणावळीत लोक जमले; काहींना तिसाव्या पोटेन्सीचं, म्हणजे तीस वेळा शंभर-शंभर पटीने विरल केलेलं, मिठाचं द्रावण आणि काहींना नुसतं वितळलेल्या बर्फाचं पाणी क्रमांक घातलेल्या कुप्यांतून देण्यात आलं. ज्या ५० जणांनी नंतर कळवलं त्यांतल्या ४२ जणांना काहीच जाणवलं नव्हतं. ज्या आठांना जाणवलं त्यांतले पाच मिठाचे होते, तीन पाण्याचे. होमिओपॅथीचे जनक हानेमान तेव्हा हयात होते.

चामखिळीच्या बाबतीत अशा दोन तुलना मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली १९९२ मध्ये कॅनडातल्या क्यूबेकमधली. तळपायाच्या चामखिळी असलेले, सहा वर्षांच्या मुलांपासून एकोणसाठ वर्षांच्या माणसांपर्यंत १७४ जण तिच्यात होते. एका गटाला सहा आठवडे थुजा, अँटिमोनियम क्रूडम आणि नायट्रिक ॲसिड ही तीन औषधं दिली. अठरा आठवड्यांनी औषधाच्या गटात २० टक्के बरे झाले होते आणि नुसत्या गोळ्यांच्या गटात २४.४ टक्के.

होमिओपॅथिक डॉक्टर यावर एक आक्षेप घेतात आणि तो रास्त आहे. “होमिओपॅथी रोगाला औषध देत नाही, रोग्याला देते. सगळ्यांना एकच तीन औषधं देणं ही होमिओपॅथीच नव्हे.” मला हा आक्षेप मान्य आहे. त्याचं उत्तर दुसऱ्या तुलनेत आहे. ती १९९६ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझमधून प्रसिद्ध झाली आणि ती खास मुलांचीच होती: ६ ते १२ वर्षांची ७० मुलं, हातांवर साध्या चामखिळी. इथे प्रत्येक मुलाची प्रकृती पाहून त्याच्यासाठी वेगळं औषध निवडलं होतं, अगदी माझ्या मुलीसाठी निवडलं होतं तसं. आठ आठवड्यांनंतर चामखिळींचा आकार निम्म्याहून कमी झाला अशी मुलं औषधाच्या गटात ३० पैकी ९ होती, नुसत्या गोळ्यांच्या गटात ३७ पैकी ७. संशोधकांचा निष्कर्ष होता की दोन्हींत उघड फरक नाही.

इथे थांबून विरुद्ध बाजूचं बोलणं पुरतं ऐकायला हवं. ३० पैकी ९ म्हणजे ३० टक्के आणि ३७ पैकी ७ म्हणजे १९ टक्के. फरक दिसतो तर खरा. मग तो नाकारायचा कशाला? कारण इतक्या थोड्या मुलांत एवढा फरक निव्वळ चिठ्ठ्यांच्या वाटपानेही सहज पडतो. दोन-तीन मुलं इकडची तिकडे झाली की तो मिटतो. सत्तर मुलांच्या चाचणीत एखादा बारीकसा गुण निसटू शकतो, हेही मी मान्य करते. पण होमिओपॅथीचा दावा बारीकशा गुणाचा आहे का? दवाखान्यात सांगितलं जातं ते “हमखास जातात”. हमखास जाणारी गोष्ट सत्तर मुलांत लपून राहत नाही. दुसरा आक्षेप असतो की आठ आठवडे कमी पडले, सहा महिने द्यायला हवे होते. या आक्षेपातच सगळं आलं. सहा महिने दिले तर औषधाच्या गटात कितीतरी जास्त मुलं बरी होतील, यात शंका नाही. दुसऱ्या गटातही होतील.

आता रसायनशास्त्राकडे. विवेकवादी मंडळींचं आवडतं शस्त्र म्हणजे ॲव्होगाड्रोचा आकडा: बाराव्या पोटेन्सीच्या पुढे मूळ द्रव्याचा एकही रेणू उरण्याची शक्यता नगण्य, आणि थुजा ३० म्हणजे एकावर साठ शून्यं इतकं विरलेलं. गणित बरोबर आहे. पण मला हा मुद्दा लोक समजतात तितका निर्णायक वाटत नाही, आणि तो पहिल्यांदा मांडल्यामुळे वाद बिघडतो. कारण समोरून उत्तर येतं, “विज्ञानाला अजून सगळं कुठे कळलंय?” आणि ते उत्तर सर्वस्वी चूक नाही. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टराने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला आणि संत्री-लिंबं खाणारी जोडी झपाट्याने सुधारली. ‘क’ जीवनसत्त्व काय असतं हे कळायला त्यानंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षं लागली. उपाय का चालतो हे न कळताही तो चालतो हे कळू शकतं. पण लिंडला ते कळलं कशाने? तुलनेने. होमिओपॅथीला मी तेवढीच सवलत देते: का चालतं ते सांगू नका, चालतं एवढं तुलनेत दाखवा. चामखिळीच्या बाबतीत ते दाखवता आलेलं नाही.

याच कारणाने आयआयटी मुंबईच्या संशोधनाचा दाखला इथे उपयोगी पडत नाही. २०१० मध्ये तिथल्या संशोधकांनी अतिविरल होमिओपॅथिक औषधांत मूळ धातूंचे नॅनोकण सापडल्याचं प्रसिद्ध केलं आणि महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक वादात ते पुढे येतं. ते सोनं, तांबं, जस्त अशा धातूंच्या औषधांबद्दल होतं. थुजा ही वनस्पती आहे. आणि कण सापडला म्हणजे गुण सापडला असं नव्हे. औषधात काहीतरी आहे हे सिद्ध झालं तरी त्याने ग्राझमधल्या मुलांना काही झालं नाही, ही गोष्ट बदलत नाही.

थुजाबद्दल आणखी एक घोळ निस्तरायला हवा. आपण लहानपणी पुस्तकात ‘विद्या’ म्हणून ठेवायचो त्या मोरपंखीच्या जातकुळीतलं हे उत्तर अमेरिकेतलं झाड. बरेच पालक थुजाचं मदर टिंक्चर कापसाने चामखिळीवर लावतात. ते अर्धं-अधिक अल्कोहोलमधलं खरंखुरं वनस्पतीचं अर्क असतं, विरल केलेलं नसतं. त्याने कातडी कोरडी पडते, चुरचुरते. त्याचा गुण येत असेल किंवा नसेल. पण आला तरी तो चुन्याच्या किंवा रुईच्या चिकाच्या जातीचा, होमिओपॅथीच्या सिद्धान्ताचा नव्हे. हानेमाननी थुजा निवडली तीही मुलांच्या हातावरच्या चामखिळींसाठी नव्हती. लैंगिक संसर्गातून येणाऱ्या कोंबासारख्या वाढीला त्यांनी ‘सायकोसिस’ नावाच्या जुनाट दोषाचं बाह्यरूप मानलं होतं आणि थुजा त्या दोषावरचं औषध होतं. विषाणू ही कल्पनाच तेव्हा नव्हती. त्या काळच्या सर्वोत्तम अंदाजांपैकी तो एक अंदाज असेल. आज दुसरीतल्या मुलीच्या बोटाशी त्याचा काय संबंध?

होमिओपॅथीकडे वळणारी माणसं मूर्ख होती वा आहेत, असं मानणाऱ्यांनी कलकत्त्याच्या महेंद्रलाल सरकारांकडे पाहावं. कलकत्ता मेडिकल कॉलेजचे एमडी, होमिओपॅथीचे कडवे विरोधक. १८६७ मध्ये त्यांनी जाहीरपणे होमिओपॅथीची बाजू घेतली आणि सहकाऱ्यांचा बहिष्कार सोसला. त्याच माणसाने १८७६ मध्ये इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स उभी केली, जिथे पुढे सी. व्ही. रामन यांनी आपलं नोबेल मिळवून देणारं काम केलं. अशा माणसाला होमिओपॅथी का पटली असावी, याचा अंदाज १८५४ च्या लंडनमधल्या पटकीच्या (कॉलराच्या) साथीवरून येतो. होमिओपॅथिक रुग्णालयात पटकीच्या रोग्यांपैकी १६.४ टक्के दगावले. इतर रुग्णालयांत सरासरी ५१.८ टक्के. आकडे खरे आहेत. पण त्या वेळी इतर रुग्णालयांत काय चालायचं? रक्त काढणं, जुलाब देणं, पाऱ्याची औषधं. पाणी हरपत चाललेल्या माणसाला आणखी कोरडं करणं. त्या तुलनेत काहीच न करणं हा जीवदायी उपचार होता, आणि काहीच न करण्याला होमिओपॅथीने नाव, विधी आणि धीर दिला.

मुलांच्या चामखिळींच्या बाबतीत आज नेमकं तेच होतंय, आणि होमिओपॅथीच्या बाजूचा हा सगळ्यांत भक्कम मुद्दा आहे. आधुनिक उपचार दुखतात. द्रवरूप नायट्रोजनने गोठवताना सहा वर्षांचं मूल किंचाळतं. जाळलेल्या जागी वण राहतो. आणि इतकं सोसून गुण किती? २०११ मध्ये ब्रिटनमध्ये तळपायाच्या चामखिळी असलेल्या २४० जणांवर ५० टक्के सॅलिसिलिक ॲसिड (चामखिळीवर लावायचं, जाड कातडी सोलणारं औषध) आणि गोठवणं यांची तुलना झाली. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे १४ टक्केच पूर्ण बरे झाले. नेदरलँड्समधल्या २०१० च्या २५० जणांच्या चाचणीत साध्या चामखिळींवर गोठवण्याने तेरा आठवड्यांत ४९ टक्के बरे झाले, सॅलिसिलिक ॲसिडने १५ आणि काहीच न करता ८. पण तळपायावर तीन्हींत फारसा फरक उरला नाही. सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर सॅलिसिलिक ॲसिड नुसत्या मलमापेक्षा दीडपटीने सरस ठरतं. दीडपट. जादू नाही. चामखिळीवर चिकटपट्टी लावून ठेवण्याच्या उपायाचंही असंच: २००२ मध्ये अमेरिकेत तो गोठवण्याहून भारी ठरल्याची बातमी जगभर झाली, २००६ मध्ये मास्ट्रिक्टच्या शाळांतल्या १०३ मुलांवर नीट तपासला तेव्हा चिकटपट्टीच्या गटात १६ टक्के बरे झाले आणि तुलनेच्या गटात ६ टक्के, म्हणजे ठामपणे काही सांगता येऊ नये इतका फरक. ज्या कसोटीवर मी थुजा नापास करते, तिच्यावर आधुनिक औषधंही काठावरच पास होतात, आणि मुलांच्या चामखिळी सरसकट जाळणारे दवाखाने त्यांचा आव आणतात तितकी ती गुणकारी नाहीत. हे त्वचारोगतज्ज्ञांनी पालकांना सांगायला हवं. ते सांगितलं जात नाही म्हणून पालक साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांकडे जातात, आणि मुलाला न रडवण्याची त्यांची इच्छा अगदी बरोबर असते.

पण या मुद्द्यावरून निष्कर्ष कोणता निघतो? काहीच न करणं बरं, असा. गोळी द्यावी, असा नव्हे. मग कोणी म्हणेल, गोळी म्हणजे काहीच न करणंच की. निरुपद्रवी आहे, आईला धीर येतो, मुलाला गंमत वाटते, देऊ दे. शिवाय चामखिळींवर मनाचा परिणाम होतो असंही म्हणतात. १९२०च्या दशकात झुरिकमध्ये ब्रुनो ब्लॉख नावाचा नामवंत त्वचातज्ज्ञ चामखिळींवर रंग लावायचा, घरघरणारं, दिवे लखलखणारं एक निरुपयोगी यंत्र सुरू करायचा आणि त्याने पुष्कळ रोगी बरे झाल्याचं नोंदवलं. धीर देण्याचं मोल मी कमी लेखत नाही. त्या डॉक्टरांनी माझ्या मुलीला दिलेला पाऊण तास हा तिला मिळालेला सगळ्यांत चांगला उपचार होता, आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे तो वेळ नसतो ही आपल्या व्यवस्थेची मोठी उणीव आहे. पण धीर द्यायला खोटं सांगावं लागतं का? “ही चामखीळ आहे, धोका नाही, वर्ष-दोन वर्षांत बहुतेक जाईल, मी दर दोन महिन्यांनी पाहत जाईन” हे वाक्य तेवढाच धीर देतं, आणि ते खरं आहे.

शिवाय ती गोळी एकटी येत नाही. तिच्यासोबत एक शिकवण येते: “औषध चालू असताना बाहेरून काही लावायचं नाही. बाहेरून दाबलं तर रोग आत जातो.” मला हेच सांगितलं होतं. चामखिळीपुरतं त्याने फार बिघडत नाही. सहा महिने साधं सॅलिसिलिक ॲसिड लावायचं राहतं, इतकंच. पण चामखीळ ‘आतून’ गेलेली पाहिलेली आई ती शिकवण पुढच्या आजाराला घेऊन जाते. दोन वर्षांनी माझ्या धाकट्या मुलाला कोपरांत आणि गुडघ्यांमागे एक्झिमा झाला. रात्र रात्र तो खाजवायचा, चादरीवर रक्ताचे ठिपके असायचे. साध्या सौम्य स्टेरॉइड मलमाची ट्यूब कपाटात होती. “दाबलं तर दमा होईल” या भीतीने मी ती सात आठवडे उघडली नाही. ती भीती मला दुसऱ्या कोणी नव्हे, सात गेलेल्या चामखिळींनी शिकवली होती. माझ्या मुलाचं सात आठवड्यांच्या खाजेवर भागलं. ऑस्ट्रेलियात सिडनीमध्ये २००२ मध्ये नऊ महिन्यांची एक मुलगी एक्झिमातून झालेल्या संसर्गाने आणि उपासमारीने गेली. होमिओपॅथीवरच्या विश्वासापायी आई-वडिलांनी तिला योग्य उपचार वेळेवर मिळू दिले नाहीत आणि २००९ मध्ये न्यायालयाने दोघांना सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा दिली. ते टोकाचं उदाहरण आहे हे मला माहीत आहे. पण चामखीळ ते एक्झिमा ही वाट मी स्वतः चाललेली आहे, त्यामुळे “निरुपद्रवी आहे, देऊ दे” हे मला कोणी सांगू नये.

निदानाचाही प्रश्न आहेच. तळपायावरची चामखीळ भोवरी समजून कापली जाते. मोत्यासारखे, मध्ये खळगा असलेले, मोलस्कम या वेगळ्या त्वचारोगाचे दाणे चामखीळ म्हणून दाखवले जातात. तेही आपोआप जातात, म्हणून त्यांचंही श्रेय गोळीला मिळतं. गुप्तांगाजवळची वाढ, चेहऱ्यावर भराभर पसरणाऱ्या चामखिळी, प्रतिकारशक्ती कमी असलेलं मूल, यांना वाट पाहण्याचा सल्ला लागू नाही. तिथे तज्ज्ञाकडे जायलाच हवं. स्वभाव आणि झोपण्याची कूस विचारून औषध निवडणाऱ्या पद्धतीत हा फरक करण्यावर भर असेलच याची खात्री नाही.

२०२५ च्या त्या भांडणात मला ऐकायचं होतं ते असं काहीतरी. होमिओपॅथीच्या महाविद्यालयांनी म्हणावं: महाराष्ट्रात आमच्याकडे हजारो मुलं चामखिळी घेऊन येतात, चला, तीनशे मुलांची चाचणी करू, आमची निवड, आमची औषधं, सहा महिन्यांची मुदत, आणि निम्म्यांना नुसत्या गोळ्या. चामखीळ जीवघेणी नाही, त्यामुळे कोणाचं नुकसान नाही. डोळ्यांना दिसते, त्यामुळे मोजायला सोपी. याहून स्वस्त आणि न्याय्य कसोटी कोणत्या आजारात मिळेल? आणि इंडियन मेडिकल असोसिएशनने म्हणावं: आम्हीही मुलांच्या चामखिळी सरसकट जाळणं थांबवतो, प्रत्येक पालकाला आपोआप बरं होण्याचे आकडे आधी सांगतो. दोघांपैकी कोणीच हे म्हटलेलं मी ऐकलं नाही.

गेल्या दिवाळीत भाचीने फोन केला. तिच्या आठ वर्षांच्या मुलाच्या अंगठ्यावर तीन चामखिळी. “मावशी, तू कोणाकडे गेली होतीस गं? पत्ता दे ना.” मी पत्ता दिला नाही. रोज रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटं बोट बुडवायचं, वजरीने हलकेच घासायचं, ती वजरी दुसऱ्या कोणी वापरायची नाही, मग भोवतालच्या कातडीला व्हॅसलीन लावून चामखिळीपुरतं सॅलिसिलिक ॲसिड. झोंबलं तर दोन दिवस थांबायचं. आणि कंटाळा आला तर तेही सोडून नुसती वाट पाहिली तरी चालेल, असं सांगितलं. नखं खाऊ देऊ नकोस, टॉवेल वेगळा ठेव. आणि दर महिन्याच्या एक तारखेला पट्टी शेजारी धरून फोटो काढ. तिने जानेवारीचा फोटो पाठवला तेव्हा तिन्ही तशाच होत्या, एक जरा मोठीच. फेब्रुवारीत दोन उरल्या. तिने विचारलं, “ॲसिडने गेली का गं?” मी म्हटलं, “माहीत नाही. एकाच मुलावरून ते कळत नाही.”